स्लाइडवर अर्धे जांभळे, अर्धे गुलाबी: जीवाणूचा आकार आणि त्याची भिंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं घरच्या दह्याचा ग्राम स्टेन केला, म्हणजे त्यातले जीवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शंभरच्या लेन्सखाली गोल आणि लांबट, दोन्ही आकार दिसले, पण काही जांभळे आणि काही गुलाबी. पुस्तकाप्रमाणे दह्यातले जीवाणू ग्राम पॉझिटिव्ह, म्हणजे सगळे जांभळे दिसायला हवेत. शिवाय ती म्हणते की आकारांचा तक्ता एका धड्यात आणि पेशीची आकृती दुसऱ्या धड्यात; दोन्ही पाठ केले तरी स्लाइडवर नेमकं काय बघायचं ते कळत नाही. मग आकारावरून जीवाणू ओळखता येतो की नाही? आणि आकृतीतले बाकीचे भाग स्लाइडवर दिसतात का?

मी सव्वीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत स्लाइड वाचते आहे, आणि प्रशिक्षणाला येणारी बहुतेक मुलं याच जागी अडलेली असतात. विचारणाऱ्या मुलीला सांगते, तुमची खरी अडचण दह्याची नाही. आकार आणि पेशीरचना हे दोन वेगळे धडे आहेत असं तुम्हाला शिकवलं गेलंय, अडचण तिथे आहे. जीवाणूचा आकार म्हणजे त्याच्या पेशीभित्तिकेचा आकार, आणि ग्राम स्टेनचा रंग म्हणजे त्याच भित्तिकेची जाडी आणि तब्येत. स्लाइडवर तुम्ही दोन्ही वेळा एकच गोष्ट बघत असता: भिंत.

हे कशावरून? १९५३ साली वाइबुल या स्वीडिश संशोधकानं बॅसिलस मेगॅटेरियम हा दांडीसारखा जीवाणू साखरेच्या दाट द्रावणात ठेवला आणि त्यावर लायसोझाइम घातलं. लायसोझाइम म्हणजे आपल्या अश्रूंत आणि अंड्याच्या पांढऱ्यात असतं ते एन्झाइम. ते पेशीभित्तिकेचे धागे कापतं. भिंत गेली आणि प्रत्येक दांडी गोल झाली. पेशी जिवंत होती, आतलं सगळं जागच्या जागी होतं, फक्त दांडीचा आकार राहिला नाही. साखर नसती तर त्या गोळ्या बाहेरचं पाणी शोषून फुटल्या असत्या. पुढे याच्या उलटंही करून बघितलं गेलं. ई. कोलाय या आतड्यातल्या दांडीसारख्या जीवाणूच्या आतला सगळा ऐवज काढून टाकला आणि नुसती भित्तिका शिल्लक ठेवली, तर ती रिकामी पिशवीसुद्धा दांडीच्याच आकाराची राहते.

ही भित्तिका पेप्टिडोग्लायकनची असते. दोन प्रकारच्या शर्करा आलटून पालटून गुंफलेले लांब धागे, आणि त्या धाग्यांना आडवे टाके घालणाऱ्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. जुन्या पद्धतीचा फुटबॉल आठवा: आत रबरी ब्लॅडर, बाहेर शिवलेलं कातडं. ब्लॅडर म्हणजे प्रद्रव्यपटल, पेशीच्या ऐवजाभोवतीचा पातळ पडदा; कातडं म्हणजे भित्तिका. आत हवेऐवजी पाण्याचा दाब असतो. ई. कोलायसारख्या जीवाणूत हा दाब साधारण मोटारीच्या टायरइतका धरतात, आणि ग्राम पॉझिटिव्ह जीवाणूंत तो याच्या कितीतरी पट असतो. पेनिसिलिन नेमकं आडवे टाके घालू देत नाही. वाढत्या पेशीचं शिवण उसवतं आणि आतला दाबच तिला फोडतो. मायकोप्लाझ्मा या जीवाणूला ही भित्तिका मुळातच नाही. म्हणून त्याला ठरलेला आकार नाही, ग्राम स्टेनमध्ये तो दिसत नाही आणि त्याच्या न्यूमोनियावर पेनिसिलिनचा उपयोग होत नाही. परीक्षेत हे तीन वेगळे मुद्दे म्हणून लिहायला लावतात. खरं तर एकाच कारणाची ही तीन रूपं आहेत.

आता गोल आणि लांबट. बहुतेक दंडाणूंमध्ये, म्हणजे दांडीसारख्या जीवाणूंमध्ये, एमआरईबी नावाचं प्रथिन असतं, आपल्या स्नायूंतल्या अ‍ॅक्टिनच्या कुळातलं. पेशीच्या बाजूच्या भिंतीला नवा माल कुठे जोडायचा हे त्याच्या मदतीनं ठरतं, म्हणून पेशी जाडीला न वाढता लांबीला वाढते. बहुतेक गोलाणूंकडे, म्हणजे गोल जीवाणूंकडे, हे प्रथिन नसतं. एफटीएसझेड हे दुसरं प्रथिन मात्र जवळपास सगळ्या जीवाणूंकडे असतं. ते पेशीच्या मध्याशी कडं तयार करतं, त्या कड्याशी आडवी भिंत उभी राहते आणि पेशी दुभागते. गोलाणूची भिंत मुख्यतः या विभाजनाच्या जागीच तयार होते.

इथून पुढे मांडणी आपोआप समजते. स्ट्रेप्टोकॉकस दर वेळी एकाच दिशेला दुभागतो आणि पिल्लं सुटी होत नाहीत, त्यामुळे माळ तयार होते. दोन काटकोनी दिशांना आळीपाळीनं दुभागलं तर चारांची चौकट. तीन दिशांना नेमानं दुभागलं तर आठांचा घन. सार्सिना असाच असतो. स्टॅफिलोकॉकस वेगवेगळ्या पातळ्यांत दुभागतो, पेशी पूर्ण सुट्या होत नाहीत आणि शेवटी घोस तयार होतो. अलेक्झांडर ऑगस्टन या स्कॉटिश शल्यविशारदानं गळवांच्या पुवात हे घोस पाहिले आणि १८८२ साली ग्रीक भाषेतल्या द्राक्षांच्या घडावरून त्यांना नाव दिलं. म्हणजे माळ, चौकट आणि घोस हे त्या पेशीनं कुठे कुठे भिंत घातली याचा इतिहास आहे. तो पाठ करू नका, कागदावर एक गोल काढून स्वतः दुभागून बघा.

वाकड्या आकारांबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमच्या दह्यात ते येत नाहीत. पटकीचा व्हिब्रिओ स्वल्पविरामासारखा असतो. लेप्टोस्पायरासारख्या मळसूत्री जीवाणूंत कशाभिका, म्हणजे हालचालीसाठीचे शेपटीसारखे धागे, बाहेर न येता बाह्य पटलाच्या आतच, पेशीला गुंडाळून असतात. कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येतात तेव्हा नवी मुलं ग्राम स्टेनमध्ये ते वेटोळं शोधत बसतात. ते दिसणार नाही. त्याची जाडी सुमारे ०.१ मायक्रोमीटर आहे आणि साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ०.२ मायक्रोमीटरच्या आसपास. त्याला डार्क फील्ड, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर जीवाणू उजळ दाखवणारा सूक्ष्मदर्शक, लागतो.

आता तुमची स्लाइड. आधी ग्राम स्टेन नेमकं काय करतो ते बघू. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडिन मिळून पेशीच्या आत मोठा संयुक्त कण तयार होतो. इथवर सगळे जीवाणू जांभळेच असतात. मग अल्कोहोल. ग्राम पॉझिटिव्ह भित्तिका २० ते ८० नॅनोमीटर जाड. अल्कोहोलनं तिच्यातलं पाणी जातं, ती आवळते आणि रंग आत अडकतो. ग्राम निगेटिव्ह जीवाणूची पेप्टिडोग्लायकनचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा, त्याच्याबाहेर मेदाचं आणखी एक पटल. अल्कोहोल ते पटल विरघळवतं आणि पातळ थरातून रंग वाहून जातो. त्या रंगहीन पेशी नंतर सॅफ्रानिननं गुलाबी होतात. हान्स क्रिश्चन ग्रामनं १८८४ साली बर्लिनमध्ये ही रीत काढली ती न्यूमोनियानं दगावलेल्यांच्या फुप्फुसांत जीवाणू उठून दिसावेत म्हणून. जीवाणूंचे दोन गट पाडणं हा त्याचा हेतू नव्हता, आणि शेवटचा सॅफ्रानिनचा विरुद्ध रंग तर नंतर इतरांनी जोडला.

म्हणजे गुलाबी दिसणं याचा अर्थ 'ग्राम निगेटिव्ह' इतकाच होत नाही. अर्थ असा की या पेशीच्या भिंतीनं रंग धरून ठेवला नाही. का धरला नाही, याची कारणं अनेक असू शकतात. तुमचं दही किती तासांचं होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंचसं उत्तर त्यावर अवलंबून आहे. आंबट झालेल्या, दोन दिवसांच्या दह्यात लॅक्टोबॅसिलस या दह्यातल्या दंडाणूच्या कितीतरी पेशी म्हाताऱ्या किंवा मेलेल्या असतात. त्यांची भित्तिका झिजलेली असते आणि त्या गुलाबी उतरतात. दुसरं कारण तुमचा हात. अल्कोहोल पाच-दहा सेकंद जास्त झालं, किंवा अ‍ॅसिटोन मिसळलेलं डिकलरायझर (रंग काढणारं द्रावण) तुम्ही अल्कोहोलच्या हिशेबानं वापरलंत, तर धडधाकट ग्राम पॉझिटिव्ह पेशीही रंग सोडते. तिसरं, स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला नमुन्याचा पातळ थर, ज्योतीवर जास्त तापला की भित्तिका तडकते. आणि दह्यात मेद आणि केसीन असतं, तेही रंग घेतात. म्हणून घट्ट दही स्लाइडवर पसरू नये. वरची निवळ घ्या, थोड्या पाण्यात पातळ करा, स्मिअर वाळवून स्थिर केल्यावर झायलीन या मेद विरघळवणाऱ्या द्रवानं मेद धुऊन काढा, मग रंगवा.

एक खूण सांगते, ती नक्की बघा. एकाच माळेत किंवा टोकाला टोक जोडलेल्या दांड्यांच्या एकाच ओळीत काही पेशी जांभळ्या आणि शेजारच्या गुलाबी असतील, तर ते दोन जीवाणू नाहीत. एकाच पेशीपासून झालेली ती ओळ आहे. त्यातल्या काहींची भिंत आधी थकली, इतकंच. उलट जांभळ्यांची तब्येत सगळीकडे एकसारखी असेल आणि गुलाबी दंडाणू वेगळे, आखूड, एकेकटे पडलेले असतील, तर मात्र बाहेरचा ग्राम निगेटिव्ह जीवाणू आला का, याची शंका घ्यावी. भांडं, पाणी, हात, कुठूनही येऊ शकतो. आणि दह्यात इतर गोलांपेक्षा चार-पाच पट मोठा, गडद जांभळा, बाजूला कोंब फुटलेला गोल दिसला तर तो गोलाणू नव्हे, ते यीस्ट.

रंगावर विसंबण्याची किंमत मी स्वतः पाहिली आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी रात्रपाळीला एका मुलाच्या पाठीच्या कण्यातलं पाणी आलं, मेंदूज्वराची शंका होती. स्लाइडवर पुवाच्या पेशींमध्ये जोडीजोडीनं गोलाणू, गुलाबी. मी फोनवर ग्राम निगेटिव्ह डिप्लोकॉकाय असं कळवलं. त्या वयात मेंदूज्वर आणि ग्राम निगेटिव्ह जोडगोलाणू म्हटलं की साथीचा मेंदूज्वर आणणारा मेनिंगोकॉकसच डोळ्यांपुढे येतो, आणि घरच्यांना प्रतिबंधक गोळ्या सुरू करण्यापर्यंत गोष्ट गेली. दुसऱ्या दिवशी रक्तमिश्रित अगारवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या माध्यमावर, हिरवट कडांच्या वसाहती आल्या: न्यूमोकॉकस, मेंदूज्वर आणणारा दुसरा जीवाणू, पण पक्का ग्राम पॉझिटिव्ह. मुलाला आधीच्या दवाखान्यात दोन दिवस प्रतिजैविक मिळालं होतं, म्हणजे भिंती आधीच खिळखिळ्या होत्या. त्यात माझं अल्कोहोल जास्त झालं होतं.

मी ती स्लाइड परत काढून अर्धा तास बघत बसले. रंग चुकला होता, पण आकार खरं सांगत होता. मेनिंगोकॉकसची जोडी घेवड्याच्या दोन दाण्यांसारखी असते, सपाट बाजू समोरासमोर. न्यूमोकॉकसची जोडी निरांजनाच्या दोन ज्योती बुडाला बूड लावून ठेवल्यासारखी, निमुळती टोकं बाहेर. माझ्या स्लाइडवर ज्योती होत्या, आणि काही जोड्यांभोवती फिकट मोकळं वर्तुळही होतं. तो संपुट, रंग न घेणारं शर्करेचं आवरण. हे सगळं दिसत असून मी फक्त रंग वाचला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी मांडणी, मग टोकं, मग आकारमान, आणि सर्वांत शेवटी रंग लिहायला लावते.

आकार तरी कायम खरा असतो का? तोही नाही, आणि त्याचंही कारण भिंतच. एकदा लघवीच्या नमुन्यात लांबच लांब, धाग्यासारख्या गुलाबी पेशी आल्या. सोबतच्या मुलीनं बुरशी म्हणून लिहून ठेवलं. मी रुंदी बघायला सांगितली. बुरशीचा धागा यापेक्षा कितीतरी जाड असतो, त्याला फांद्या फुटतात. इथे रुंदी एक मायक्रोमीटरच्या आत, फांद्या नाहीत, आणि आडव्या भिंतीही दिसत नव्हत्या. चौकशी केली तर रुग्णानं दोन दिवस सेफॅलेक्सिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या होत्या. हे औषध कमी मात्रेत मुख्यतः विभाजनाची आडवी भिंत घालणारं एन्झाइम अडवतं. बाजूची भिंत वाढत राहते, पेशी दुभागत नाही, आणि दोन मायक्रोमीटरची ई. कोलाय वीस-तीस मायक्रोमीटरचा दोरा होते. तोच नमुना औषध नसलेल्या माध्यमावर वाढवला तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या आखूड दांड्या आल्या.

त्यामुळे 'आकारावरून ओळखता येतो का' याचं उत्तर नमुना कुठून आला यावर ठरतं. पुरुषाच्या मूत्रमार्गातल्या पुवात, पांढऱ्या पेशींच्या आत घेवड्याच्या दाण्यांसारख्या गुलाबी जोड्या दिसल्या तर गोनोरिया (परमा) म्हणायला मी कचरत नाही. त्याच जोड्या घशाच्या नमुन्यात दिसल्या तर काहीच म्हणणार नाही, तिथे त्यांचे निरुपद्रवी भाऊबंद राहतात. शौचातल्या गुलाबी दांड्यांवरून ई. कोलाय, साल्मोनेला आणि शिगेला वेगळे सांगता येत नाहीत. तिघांची भिंत आणि ठेवण सारखीच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गाठीतल्या स्रावात दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट अशा, सेफ्टी पिनसारख्या आखूड दांड्या हीच पहिली मोठी खूण होती. पण ती खूणही गाठ, ताप आणि मेलेले उंदीर यांच्या जोडीनंच अर्थाची होती. दोन टोकं गडद रंगणारे दंडाणू इतरही आहेत.

पेशीच्या आकृतीतल्या बाकीच्या भागांबद्दलही विचारलंय. सरळ सांगते: तुमच्या स्लाइडवर त्यातलं जवळजवळ काही दिसत नाही. कशाभिकेची जाडी २० नॅनोमीटरच्या आसपास, ती रंगद्रव्याचा लेप देऊन जाड केल्याशिवाय दिसत नाही. रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, तर त्याहून पलीकडे. केंद्रकाभाला, म्हणजे जीवाणूचा डीएनए असतो त्या जागेला, पटल नसतं. ई. कोलायचा डीएनए सरळ केला तर दीड मिलिमीटर भरेल, म्हणजे पेशीच्या लांबीच्या सातशे-आठशे पट, आणि तो तिथेच गुंडाळून बसवलेला असतो. बीजाणू, म्हणजे काही जीवाणू तगून राहायला बनवतात ते टणक रूप, मात्र साध्या ग्राम स्टेनमध्येही कळतो: दांडीच्या आत रंग न घेतलेली मोकळी, चकचकीत जागा. धनुर्वाताच्या क्लॉस्ट्रिडियममध्ये ती टोकाला असते आणि दांडीपेक्षा रुंद, म्हणून ढोल वाजवायच्या टिपरूसारखी दिसते. तिथे भिंतीबाहेर आणखी आवरणं चढलेली असतात, म्हणून रंग आत शिरत नाही. याच कारणानं नुसतं उकळून भागत नाही आणि आपण ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवतो.

आणि मेसोसोम. तुमच्या आकृतीत प्रद्रव्यपटलाची आत वळलेली घडी दाखवली असेल. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशी रसायनांनी स्थिर करताना ती घडी पडते. पेशी झटकन गोठवून बघितली तर ती सापडत नाही. हे ठरून कित्येक वर्षं झाली, तरी पुस्तकांतून ती निघालेली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. पेपरात अभ्यासक्रमाप्रमाणे लिहा, पण जिवंत पेशीत ती शोधू नका.

आता उद्या काय कराल ते सांगते. संध्याकाळी विरजण लावा आणि सकाळी, दही नुकतं लागलेलं असताना नमुना घ्या. एकाच स्लाइडवर तीन छोटे स्मिअर करा: मध्ये दह्याची निवळ, एका बाजूला प्रयोगशाळेतला ताजा स्टॅफिलोकॉकस (ग्राम पॉझिटिव्ह), दुसऱ्या बाजूला ताजा ई. कोलाय (ग्राम निगेटिव्ह). तिघांवर एकच अल्कोहोल, एकाच वेळी, आणि वाहणारं अल्कोहोल निळसर दिसेनासं झालं की लगेच पाणी. स्टॅफिलोकॉकस गुलाबी आला तर अल्कोहोल जास्त झालं, ई. कोलाय जांभळा आला तर कमी पडलं. दोन्ही वेळा मधला स्मिअर वाचूच नका, नवी स्लाइड घ्या. दोन्ही बरोबर आले की मधल्या दह्यात पातळ जागा शोधा, जिथे पेशी एकमेकींवर चढलेल्या नाहीत, आणि तिथल्या दहा क्षेत्रांतल्या माळा आणि दांड्या वहीत काढा. रंग शेवटी भरा. त्याच निवळीचा थोडा भाग दोन दिवस तसाच ठेवा आणि तिसऱ्या दिवशी अशीच नवी स्लाइड पुन्हा बनवा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून गुलाबी दांड्या किती वाढल्या ते मोजा, आणि आकडे इथे लिहा, मी बघेन.